येळवसच्या दिवशी दिलेला लेख

आणि वर परत मलाच म्हणता, "महानंदाबाई, ही नुसती पद्धत आहे, सही करून टाका." सचिव सर, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नाही. ह्याच वाक्यानं आमच्या सुमंगला मॅडमचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, गौरवग्रंथ समितीला माहीत आहे, केंद्रातल्या खुर्च्यांनासुद्धा माहीत आहे. तरी मॅडमना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून त्यांचा गौरवग्रंथ काढता, मला म्हणता तुम्ही पण दोन पानं लिहा, मी तुरीची काढणी टाकून लिहायला बसते, आणि तुम्ही पाठवता काय, तर सहीचा कागद.

कागद मी लेकीकडून वाचून घेतला. मराठीत असून दोनदा वाचावा लागला. लेखाचे सगळे हक्क कायमचे प्रकाशकाकडे. लेख दुसरीकडं छापायचा नाही, मोबाईलवर कुणाला पाठवायचा नाही. प्रकाशकांच्या लेखी परवानगीशिवाय चारचौघांत वाचायचा पण नाही. पुस्तक नेटवर ठेवायचं नाही. लिहिलेलं माझं, आणि शेजारणीला वाचून दाखवायचं तर परवानगी काढा! दुसऱ्या कुणाच्या गौरवग्रंथाला हा कागद आला असता तर मी सही करून मोकळी झाले असते. मॅडमच्या ग्रंथाला हा कागद कसा काय येतो, एवढंच मला कळत नाही. ते का कळत नाही, हे सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं लिहिते. सहीचं शेवटी बघू.

मी कोण ते आधी सांगते. मी महानंदा, राहणार राजेश्वर, तालुका बसवकल्याण, जिल्हा बिदर. शाळा चौथीपर्यंत. मॅडम ज्या तुरीच्या संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ, त्या केंद्राचे प्रयोग आमच्या गावच्या शेतांत होतात, त्यावर कामाला जाणाऱ्या बायांची मी मुकादम. माझ्या स्वतःच्या शेताचा एक तुकडा मॅडमच्या प्रयोगात होता. म्हणजे मी मॅडमची शिष्या नाही, सहकारी म्हणायला लाज वाटते. पण बाकी काय म्हणायचं ते मला सुचत नाही, तेव्हा सहकारी असंच छापा.

मॅडमची आणि माझी पहिली ओळख भांडणानं झाली. आमच्या तुरीला त्या साली मर लागली होती. मर म्हणजे फुलावर आलेलं झाड उभ्या उभ्या वाळतं. आज हिरवं, चार दिवसांनी काडी. मी बांधावर आले तर एक बाई, चष्मा, सुती साडी, पायात चप्पल, माझ्या शेतात बसून वाळलेलं झाड मुळासकट उपटायलेली.

"ओ बाई, कुणाला इचारून शेतात पाय ठेवलाव?"

त्या उठल्या. हातात झाड तसंच. म्हणाल्या, "कुणालाच न्हाई. चुकलंच. तुम्हीच मालकीण असाल तर आता इचारते. ठेवू का?"

मी म्हणाले, "ठेवलाव की आता. पण चप्पल काढा." त्यांनी चप्पल काढून बांधावर ठेवली आणि परत खाली बसल्या. जाताना झाड घेऊन गेल्या आणि मला विचारूनच घेऊन गेल्या. दुसऱ्या आठवड्यात परत आल्या, तर बांधावर चप्पल काढूनच आत आल्या. तेव्हापासून आजपर्यंत मॅडम आमच्या कुणाच्याच शेतात चप्पल घालून गेल्या नाहीत. उन्हाळ्यात भेगा पडलेल्या जमिनीत पण नाही. मीच ओरडते, "घाला की आता, पाय भाजायलेत." हसतात, आणि तशाच चालतात.

मॅडम मूळच्या औरादकडच्या. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. घरात कन्नड, गल्लीत मराठी, दुकानात गिऱ्हाईक बघून उर्दू नाहीतर तेलुगू. त्यामुळं आमच्यात बसल्या की त्या साहेबीण वाटतच नाहीत. बाया त्यांना मॅडमक्का म्हणतात. बंगळूरचे मोठे साहेब एकदा आले होते, त्यांनी विचारलं, ही काय पदवी आहे? मॅडम म्हणाल्या, माझ्या सगळ्या पदव्यांत हीच उशिरा मिळाली.

आता कामाबद्दल. आमच्याकडं जुने लोक तुरीत ज्वारीचे तास, म्हणजे मधेमधे ओळी, घालायचे. पुढं नुसती तूर लावायची रीत पडली. मॅडमना बघायचं होतं की ज्वारीच्या तासांनी मर खरंच कमी होते का, आणि कुठल्या जमिनीत होते. त्यासाठी राजेश्वर, कमलनगर, औराद, सगळीकडं तुकडे घेतले. आम्हा बायांचं काम एवढंच, की वाळायला लागलेल्या झाडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. ह्या आठवड्यात वाळलं तर तांबडी, पुढच्या आठवड्यात पांढरी, असं. शेत जत्रेसारखं दिसायचं. मॅडम त्या चिंध्यांवरून मांडणी करायच्या. पाणी न साचणाऱ्या जमिनीत ज्वारीचा उपयोग झाला, खोलगट पाणथळ तुकड्यात काही झाला नाही. माझा तुकडा खोलगट. मी म्हणाले, "मॅडमक्का, माझं शेत तुमचं नाव खराब करायलंय, ते लिहू नका." त्या म्हणाल्या, "ते आधी लिहिणार. खोलगट शेतवाल्यानं उगं आशेवर का बसावं?" आणि खरंच लेखात ते आधी आलं.

लेख मोठ्या परदेशी जर्नलात गेला. जर्नल म्हणजे शास्त्रज्ञांचं मासिक. मॅडमनी त्यात शेवटी आभार मानले, तर प्रत्येक बाईचं नाव घालून. जर्नलवाल्यांनी कळवलं, 'शेतावरील मजूर' एवढं पुरे. मॅडमनी उलट कळवलं, चिंधी मजुरानं बांधलेली नाही, शेवंतानं आणि महानंदानं बांधलेली आहे. मग नावं राहिली.

लेख छापून आला तेव्हा माझी लेक लक्ष्मी कलबुर्गीला कॉलेजात होती. तिला म्हणाले, उघड बघू मोबाईलवर, आमचं नाव बघू दे. सगळ्या बाया भोवती. लक्ष्मीनं शोधलं, वर मॅडमचं नाव दिसलं, तुरीचं नाव दिसलं, आणि खाली पान बंद.

"अव्वा, पैसे मागायलंय."

"कोण?"

"जर्नलवाले. वाचायचं असंल तर कार्ड घाला म्हणायलेत."

"अगं, माझं नाव हाय की आत!"

शेवंता माझी मैत्रीण, तोंडाची तिखट. ती म्हणाली, "लगीन तुझंच, आणि मांडवात शिरायला तिकीट."

बाया हसल्या. मला हसू आलं नाही. माझं नाव आत आणि मी बाहेर, हे काय मला पटेना. दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा मी पाणीसुद्धा विचारलं नाही, सरळ हेच विचारलं. त्या बांधावर बसल्या. मला वाटलं सारवासारव करतील. त्यांनी मला अख्खं समजावून सांगितलं, आणि पुढं मी बऱ्याच मोठ्या माणसांना ते विचारून बघितलं, एवढं सरळ कुणाला सांगता आलं नाही.

त्या म्हणाल्या, "एका लेखाच्या तीन प्रती असतात, महानंदा. मी लिहून पाठवते ती कणसासारखी. मग माझ्यासारखेच दुसरे शास्त्रज्ञ ती तपासतात, चुका काढतात, मी दुरुस्त करते. ती मळून उफणलेली ज्वारी. मग जर्नलवाले तिला पोत्यात भरतात, शिक्का मारतात. ते पोतं. कणीस माझं, ते कुणालाही द्यायला मोकळीक. पोतं कायमचं त्यांचं. भांडण आहे ते मधल्या ज्वारीचं."

"तपासणाऱ्यांना ते किती देतात?"

"काही न्हाई. मी पण दुसऱ्यांचे तपासते, मला पण काही न्हाई."

"मंग त्यांनी काय केलं?"

"पोतं शिवलं," मॅडम म्हणाल्या.

भांडण असं होतं. मॅडमच्या कामाला पैसा सरकारी खात्याचा. खात्याचा नियम, की लोकांच्या पैशानं झालेलं काम लोकांना फुकट वाचता आलं पाहिजे, निदान मळलेली प्रत लगेच खुली ठेवा. जर्नलचा नियम, की मळलेली प्रत वर्षभर दाखवायची नाही. लगेच खुलं पाहिजे असेल तर भली मोठी फी भरा. ती फी आमच्या केंद्राच्या ऐपतीबाहेर, आणि खातं म्हणतं फीचं आम्हाला सांगू नका. म्हणजे एका शेताला दोन सातबारे. मॅडमनी एकाचं ऐकलं की दुसऱ्याची चोरी.

"मंग सही केलाव कामून?" मी विचारलं.

"लेख मंजूर झाला तेव्हा केंद्रात सगळे पेढे वाटायलेले. त्याच दिवशी तो कागद आला. आमचे केंद्रप्रमुख साहेब म्हणाले, नुसती पद्धत आहे, करून टाका. मी वाचला न्हाई, महानंदा. इतकी वर्षं पोरांना शिकवते की बियाण्याच्या पिशवीवरचं वाचल्याशिवाय पेरू नका."

मग मी उठून त्यांना पाणी आणून दिलं.

आता येळवसचं सांगते. ज्या भागात येळवस नाही तिथल्या वाचकांसाठी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आम्ही सगळे शेतात जेवतो. कडब्याची कोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पुजायचे, ओलगे ओलगे करत शेतभर आंबील शिंपडायची. मग सगळ्या शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. त्या दिवशी गावं ओस पडतात, शेतं भरतात. आणि त्या दिवशी वाटेनं जाणारा कुणीही असो, ओळखीचा, बिनओळखीचा, आपल्या भाषेचा, दुसऱ्या भाषेचा, त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. न जेवता, रिकाम्या हातानं आपल्या बांधावरून कुणी गेला तर ते शेताला बाधतं. तुम्ही माना अथवा मानू नका. आम्ही मानतो, आणि मॅडम पण मानतात, एवढ्या शिकून.

त्या साली मॅडम माझ्याकडं येळवसला होत्या. त्यांच्या पिशवीत तो लेख छापलेला होता, आमची नावं आम्हाला दाखवायला आणलेला. वाटेनं एक पाहुणे चाललेले, उदगीरकडचे, शेतकरी. त्यांना आम्ही हाक मारली. जेवता जेवता तुरीचा विषय निघाला. त्यांची सगळी तूर मरीनं गेलेली. मॅडमनी त्यांना तिथंच काडीनं मातीत तास काढून दाखवले. पाहुण्यांचा पोरगा शेतकीचा शिकलेला. ते म्हणाले, "मॅडम, हे लिहिलेलं काही असंल तर द्या की. पोराला दाखवतो. माझ्या तोंडून तो मानणार न्हाई."

मॅडमचा हात पिशवीवर गेला आणि थांबला. मी समोरच बसलेले, मला दिसलं. पिशवीत होती ती पोत्याची प्रत, शिक्क्याची. ती द्यायची नाही, हे त्यांना आता तोंडपाठ. मळलेली प्रत घरी. पाहुणे हात धुऊन उभे. उंडे बांधून दिले होते, पण त्यांनी मागितलं होतं ते हे.

मॅडमनी लेख काढून दिला. म्हणाल्या, "येळवसला न्हाई म्हणता येत न्हाई."

शहरात बसलेल्या माणसाला ही चूक कळणार नाही. त्याला वाटेल, घरून दुसरी प्रत पाठवते म्हणायला काय झालं होतं? पण येळवसला "नंतर देते" असं नसतंच. देणं तिथंच, हातात. ही चूक आमच्याच भागातलं माणूस करणार, आणि मॅडम आमच्याच भागातल्या.

पाहुण्यांच्या पोरानं लेखाचे फोटो काढून शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकले. एका ग्रुपवरून दुसऱ्या. लातूरकडं गेला, जहीराबादकडं गेला. कुणीतरी अख्खा नेटवर चढवला, केंद्राचं नाव घालून. पुढं जे व्हायचं ते झालं. जर्नलवाल्यांचा कागद केंद्राला आला, आमचा माल परवानगीशिवाय वाटला, ताबडतोब उतरवा, नाहीतर वकील. आणि त्याच आठवड्यात सरकारी खात्याचा पण कागद आला, की तुमचा लेख अजून खुला कामून झाला नाही, खुलासा करा, तोवर पुढचा हप्ता थांबवला आहे.

शेवंताला हे सांगितलं तर तिनं विळा खाली ठेवला. "यव्वा! एक म्हणतो दार उघडं कामून, दुसरा म्हणतो दार बंद कामून. त्या दोघांनाच एका खोलीत कोंडा की. मॅडमक्काला कशाला मधी?"

सचिव सर, इतकी वर्षं झाली, ह्या विषयावर ह्यापेक्षा शहाणं मी काही ऐकलेलं नाही.

केंद्रप्रमुख साहेबांनी मॅडमना बोलावलं आणि मला पण बोलावलं. साहेबांचं नाव लिहीत नाही, ते निवृत्त झालेत, सुखी राहोत. वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. त्या वेळी केंद्राचं प्रमुखपद मोकळं होणार होतं आणि मॅडमचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. साहेबांना पण मॅडमच पाहिजे होत्या. ते म्हणाले, "मॅडम, दोन ओळी लिहून द्या. शेतावरच्या बाईनं तुमच्या पिशवीतून लेख काढला, तिला कळलं नाही, तिनं पाठवला. जर्नलवाले गप्प बसतील. बाईचं काय बिघडणार आहे? तिला कोण वकील पाठवतंय?"

मी उभी होते. बसायला कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगते, मला वाटलं ठीक आहे, लिहू दे माझं नाव. माझं असं काय आहे की जाईल? मी तोंड उघडणार तर मॅडम आधी बोलल्या. नेहमीसारख्याच हळू.

"साहेब, त्या दिवशी मी त्यांच्या शेतात जेवलेय."

"हो, पण मॅडम, हे ऑफिसचं आहे..."

"त्यांच्या शेतात जेवून त्यांच्या नावावर चोरी घालू? मी दिला. माझ्या हातानं दिला. तसंच लिहिते."

आणि तिथंच बसून लिहिलं. लिहून झाल्यावर मला म्हणाल्या, "महानंदा, तू उभी कामून? बस की." साहेबांच्या खोलीत मी खुर्चीवर बसले ती त्या दिवशी पहिल्यांदा.

प्रमुखपद दुसऱ्याला गेलं. हप्ता थांबला, तो हंगाम आम्हाला चिंध्या बांधायचं काम नव्हतं. बाया मॅडमवर चिडल्या असतील असं कुणाला वाटलं असेल तर चुकीचं आहे. चिडले मी, आणि ते मॅडम चिडत नाहीत म्हणून. हा त्यांचा दोष मी गौरवग्रंथातसुद्धा लिहिणार. माणसानं वेळेवर चिडावं. मॅडम चिडायच्या जागी चहा पितात.

पण चहा पिऊन त्यांनी काय केलं ते बघा. त्या खात्याच्या मोठ्या बैठकीला गेल्या. तिथं तक्रार चालली होती की शास्त्रज्ञ नियम पाळत नाहीत, आळशी आहेत, लेख खुले ठेवत नाहीत, दंड करा. आमच्या केंद्रातले एक तरुण सर बरोबर होते, त्यांनी येऊन सांगितलं. मॅडम उठून म्हणाल्या, "लेखक चुकार न्हाईत. बहुतेकांना खुलं ठेवायचंच असतं. पण प्रत्येक जर्नलची अट वेगळी, एकाचं सहा महिने, एकाचं वर्ष, एकाचं नुसतं स्वतःच्या पानावर, एकाचं ते पण न्हाई. आणि ही अट कळते कधी, तर लेख मंजूर झाल्यावर, पेढे वाटताना. कुलूप एकजण लावतो आणि दंड दाराबाहेर उभारलेल्याला. तुम्हाला नियम पाळून पाहिजे असतील तर जर्नलवाल्यांशी तुम्ही बोला. आम्हा एकेकट्याचं ते ऐकत न्हाईत."

तो नियम त्या दिवशी बदलला का? नाही. पण थांबवलेला हप्ता सुटला, आणि आमच्या केंद्रात एक रीत पडली. लेख पाठवायच्या आधी जर्नलची अट बसून वाचायची, सगळ्यांनी मिळून. आणि लेखाच्या वरतीच लिहायचं, की मळलेली प्रत आमच्याकडं राहील आणि मंजूर झाल्या दिवशी आम्ही ती खुली ठेवणार. म्हणजे चप्पल काढून विचारायचं, पण आधी विचारायचं. काही जर्नलांनी लेख परत पाठवले. काहींनी मुकाट्यानं छापले. एकानं तर ती ओळ वाचून हो म्हटलं आणि शेवटी उलट्या अटीचा कागद सहीला पाठवला. तो मॅडमनी तसाच परत केला. लेख हातचा गेला.

इथं मॅडमचा जो मोठेपणा मी बघितला तो प्रमुखपद सोडण्यापेक्षा मला मोठा वाटतो. त्या तरुण सरांचा लेख बड्या जर्नलनं घेतला, पण ती ओळ काढा म्हणाले. सरांचं लग्न ठरलेलं, नोकरी कच्ची, आणि पक्की व्हायला त्या जर्नलचं नाव लागणार होतं. ते मॅडमपुढं रडकुंडीला आले. मी तिथंच तुरीच्या शेंगा निवडत होते. मला वाटलं, आता मॅडम म्हणणार, धीर धरा. मॅडम म्हणाल्या, "काढा ती ओळ. सही करा."

ते गेल्यावर मी भांडले. "दुसऱ्याला येगळा न्याय कामून?"

"माझं वय झालंय, महानंदा. पोटापाण्याचं भागलंय. मला हट्ट परवडतो. त्याच्या ताटात वाढायच्या आधी त्याला वाटून खायचा दासोह शिकवू नको. ज्याची नोकरी पक्की त्यानं हट्ट धरावा. आपल्याकडं उलटं हाय, कच्च्यांना नियम आणि पक्क्यांना सवलत."

त्या सरांनी वर्ष संपल्या दिवशी, कुणी आठवण न करून देता, आपली मळलेली प्रत खुली ठेवली. मी सांगितलं होतं लक्ष्मीला बघायला. मी विसरत नाही अशा गोष्टी.

मॅडमचा पुढचा तुरीचा लेख एका लहान जर्नलात आला. ते फी घेत नाही, कुलूप लावत नाही. आमच्यापेक्षा जास्त शिकलेले लोक म्हणाले, त्याला कोण विचारतं? ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे, की त्या साली येळवसला कोपीपुढं बसून लक्ष्मीनं मोबाईल उघडला आणि कार्ड मागितलं नाही. पान सरळ उघडलं. तिनं वाचून मराठीत सांगितलं, मॅडमनी मधेमधे कन्नडमधे सांगितलं. नावं आली तेव्हा शेवंता म्हणाली, "परत वाच." परत वाचलं. "आणि एकदा." उदगीरचे पाहुणे पण त्या दिवशी मुद्दाम आले होते. त्यांच्या शेतात आता ज्वारीचे तास आहेत. येताना भज्जीसाठी घरच्या वालाच्या शेंगा घेऊन आले.

मॅडमनी माझ्यासाठी वैयक्तिक काय केलं ते लिहा असं समितीनं सांगितलं होतं. सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला बिदरच्या दवाखान्यात मॅडम बाकावर बसून होत्या. लक्ष्मीला कलबुर्गीत खोली मिळेना तेव्हा आपल्या बहिणीकडं ठेवली. ह्या गोष्टी खऱ्या आहेत. पण अशा चांगल्या गोष्टी बरीच चांगली माणसं करतात. साहेबांच्या खोलीत "बस की" म्हणणारं एकच माणूस मला भेटलं.

मॅडमक्का, आता तुमच्यासाठी दोन ओळी. तुम्हाला साठ झाली, मला खरं वाटत नाही, कारण अजून तुम्ही माझ्यापेक्षा लवकर बांध चढता. गुडघे सांभाळा. चहा कमी करा. आता केंद्रातली नोकरी संपली म्हणून घरी बसून नातवंडांचे स्वेटर विणू नका, ते तुम्हाला येत पण नाही. अजून पुष्कळ येळवस आमच्या कोपीपुढं बसा, दात शाबूत ठेवून उंडे खा, आणि उन्हाळ्यात तरी चप्पल घाला. संगमेश्वरानं एवढं करावं. बाकी तुम्ही तुमचं करताच आहात.

आता सचिव सर, तुम्ही.

हा लेख तुमच्याकडं आला आहे. सही आलेली नाही. हा लेख मला येत्या येळवसला शेतात बायांपुढं वाचायचा आहे. ज्या बाया ह्यात आहेत त्यांतल्या अर्ध्यांना वाचता येत नाही. त्या तुमचं पुस्तक विकत घेणार नाहीत आणि घेतलं तरी त्यांना ते मुकंच राहणार. मॅडम समोर बसलेल्या असणार. त्यांच्यापुढं त्यांच्याच गौरवाला कुलूप लावून मी कुठल्या तोंडानं आंबील वाढू? तुमच्या प्रकाशकांना पण पोट आहे, मला कळतं. पुस्तक त्यांनी विकावं, शिक्का त्यांचा राहू दे. पण मळलेली प्रत ज्यानं लिहिली त्याची, आणि ती खुली. माझी एकटीची नाही, ग्रंथात लिहिणाऱ्या सगळ्यांची. तेवढी एक ओळ कागदात घाला, मी तिथंच सही करते. घालणार नसाल तर लेख परत पाठवा. माझ्या लेखावाचून ग्रंथ अडणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण मग मुखपृष्ठावर मॅडमचा फोटो छापताना जरा बघून छापा, त्या काय म्हणाल्या असत्या ते.

'समितीपुढं ठेवतो', 'विचार करून कळवतो' असलं काही नको. व्हय का न्हाई, एवढंच सांगा, आणि येळवसच्या आधी येणाऱ्या सोमवारी दिवस मावळायच्या आत सांगा. मंगळवारी मी आंबिलीचं पीठ भिजवते. त्याच्या पुढं मला सवड नाही, आणि येळवसच्या दिवशी माझ्या बांधावर येऊन तुम्ही काही मागितलंत तर मला न्हाई म्हणता येणार नाही. म्हणून सोमवारीच.